दोघे एकत्र असतात तोवर: आउटकास्टचा ‘ॲक्वेमिनाय’

अमेरिकेच्या दक्षिणेकडील रॅपमधला एकच अल्बम ऐकायचा असेल तर कोणता ऐकावा, असे कोणी विचारले की मी आउटकास्ट या अटलांटाच्या जोडीच्या ‘ॲक्वेमिनाय’चे नाव घेतो. मात्र हा अल्बम जवळजवळ पंचाहत्तर मिनिटांचा आहे आणि त्यातली पंधरा-वीस मिनिटे काढून टाकली असती तर कोणाचे काही बिघडले नसते, हेही मी त्याच दमात सांगतो. २९ सप्टेंबर १९९८ रोजी प्रसिद्ध झालेला हा त्यांचा तिसरा अल्बम. तो ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर दाखल झाला आणि वर्षभराच्या आत अमेरिकेत त्याला दुहेरी प्लॅटिनमचा दर्जाही मिळाला. इतक्या गाजलेल्या गोष्टीचे आज परीक्षण कशाला, असे कोणाला वाटू शकते. कारण सरळ आहे: ठाण्यात आणि नवी मुंबईत रॅप ऐकणारी, लिहिणारी आणि लॅपटॉपवर बीट तयार करणारी जी तरुण मंडळी मला भेटतात, त्यांना अटलांटा म्हणजे ट्रॅप, म्हणजे तेथील नशेच्या धंद्याच्या वस्त्यांतून आलेला रॅपचा अलीकडचा प्रकार, एवढेच ठाऊक असते. त्याच शहराने त्याआधी काय करून ठेवले होते, ते त्यांच्या कानावरून गेलेलेच नसते.

या अल्बमचे बळ आणि त्याचे दुबळेपण, दोन्हींचे मूळ एकाच ठिकाणी आहे, ते म्हणजे या जोडीतल्या दोन माणसांतील अंतरात. अँटवान पॅटन म्हणजे बिग बॉय आणि आन्द्रे बेंजामिन म्हणजे आन्द्रे ३०००. दोघेही १९७५ साली जन्मलेले, अटलांटाजवळच्या ईस्ट पॉइंट येथील एकाच शाळेत शिकलेले आणि पहिला अल्बम १९९४ साली आला तेव्हा जेमतेम विशीला टेकलेले. बिग बॉयची रास कुंभ, आन्द्रेची मिथुन, आणि या दोन राशींच्या इंग्रजी नावांची (ॲक्वेरियस आणि जेमिनाय) सांधेजोड करून अल्बमचे नाव तयार झाले आहे. गंमत अशी, की शीर्षकगीताच्या धृपदातच राशिभविष्ये बहुधा खोटी ठरतात असे हे दोघे सांगून टाकतात. सूर्यही मावळतो, नायकही शेवटी मरतात, अशा ओळींच्या सोबतीने ते सांगणे येते, आणि काहीच कायमचे टिकत नसले तरी आपण दोघे शेवटापर्यंत बरोबर राहू, असा त्या गाण्याचा सूर आहे. रॅपमध्ये मैत्रीवर बोलताना बहुतेक जण एक तर छाती ठोकतात नाही तर गळा काढतात. येथे यांपैकी काहीही होत नाही. संथ गिटार चालू असते, बिग बॉय आपले कडवे ठामपणे, तालाच्या प्रत्येक मात्रेवर पाय रोवत म्हणतो, आणि शेवटी आन्द्रे येऊन त्याच संथ तालावर इतक्या वेगाने आणि इतक्या दाट यमकांनी बोलतो की गाण्याचा वेग वाढल्याचा भास होतो, प्रत्यक्षात तो तसूभरही वाढलेला नसतो. हे एक गाणे नीट ऐकले, तरी हा अल्बम एवढा का नावाजला जातो ते कळते.

त्यांच्या घडणीबद्दल थोडे सांगणे भाग आहे. अटलांटात रिको वेडच्या आईच्या घराचे तळघर होते आणि त्याला ही मंडळी ‘डंजन’ म्हणत. तेथे रिको वेड, रे मरे आणि स्लीपी ब्राउन या तिघांनी ‘ऑर्गनाइझ्ड नॉइझ’ या नावाने संगीतनिर्मिती सुरू केली. नव्वदच्या दशकात केबलवर परदेशी संगीतवाहिन्या पाहिलेल्यांना टीएलसी या गायिकांच्या त्रिकुटाचे ‘वॉटरफॉल्स’ आठवत असेल. तेही याच तिघांचे काम. आउटकास्टला त्यांनीच घडवले. रिको वेडचे २०२४ च्या एप्रिलमध्ये निधन झाले, तेव्हा अटलांटाच्या संगीतविश्वातील झाडून साऱ्यांनी त्याचे ऋण मान्य केले. ‘ॲक्वेमिनाय’पर्यंत मात्र शिष्य स्वतः निर्मिती करू लागले होते, आणि येथील बरेचसे संगीत या दोघांनी मिस्टर डीजे याच्यासह स्वतःच रचले आहे. त्यामुळे जुन्या तबकड्यांमधील तुकडे उचलून त्यांवर बोलण्याची जी न्यूयॉर्कची रीत होती, ती येथे कमी दिसते आणि हाताने वाजवलेला बेस, गिटार, पियानो आणि तुताऱ्या भरपूर ऐकू येतात.

येथे एक व्यावहारिक सूचना करतो. हा अल्बम ठाणे-वाशी लोकलमध्ये साध्या इअरफोनवर ऐकू नये. ऐरोलीच्या पुढे गाडीने वेग घेतला की खडखडाटात सगळ्यात आधी बुडतो तो बेस, आणि या अल्बममधून बेस गेला की अर्धे गाणे गेले. अटलांटा हे मोटारींचे शहर आहे आणि तेथील संगीत मोटारीतील स्पीकरसाठी बांधलेले असते. आपल्याकडे त्याला सर्वांत योग्य जागा म्हणजे घोडबंदर रस्ता, जेथे मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत संध्याकाळी गाडी चालत नाही, रांगते. काचा वर करून, आवाज मध्यम ठेवून ऐकले की ‘स्क्यू इट ऑन द बार-बी’चा बेस आसनातून पाठीत जाणवतो आणि पुढे उभ्या असलेल्या टँकरचा राग येईनासा होतो.

सुरुवातीच्या पाच गाण्यांत हातचे राखून ठेवलेले काहीही नाही. एका छोट्या गायिलेल्या प्रस्तावनेनंतर ‘रिटर्न ऑफ द जी’ येते. आन्द्रे तोपर्यंत डोक्याला फेटा बांधू लागला होता, चित्रविचित्र कपडे घालू लागला होता, आणि जुने चाहते बिग बॉयला विचारू लागले होते की, तुझ्या जोडीदाराला झाले आहे तरी काय, तो कोणत्या पंथात शिरला आहे का, नशा करतो का, समलिंगी आहे का, तुम्ही वेगळे कधी होणार. हे सारे प्रश्न आन्द्रे स्वतःच्या तोंडाने गाण्यात मांडतो. बचाव करण्याचा त्याचा सूर नाही. चिडलेला आहे, पण शब्द मोजून टाकलेले आहेत. बिग बॉयने याच गाण्यात त्याच्या शेजारी उभे राहून आपले कडवे म्हणणे, हेच त्या प्रश्नांना मिळालेले खरे उत्तर आहे.

‘रोझा पार्क्स’ हे अल्बममधील सर्वांत प्रसिद्ध गाणे. मॉन्टगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ रोजी बसमधील आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास ज्यांनी नकार दिला, त्या रोझा पार्क्स यांचे नाव शीर्षकात आहे. गाण्यात मात्र त्यांचा विषय नाही, धृपदात फक्त बसच्या मागच्या बाजूला सरका असे स्पर्धकांना सांगितले आहे. पार्क्स यांच्या वतीने १९९९ साली दावा दाखल झाला आणि तो २००५ साली तडजोडीने मिटला. त्या दाव्याची बाजू मला समजते. एवढे मोठे नाव एवढ्या हलक्या कारणासाठी वापरणे हा उथळपणाच आहे, आणि गाण्याच्या चाहत्यांनी तो मान्य करण्यास हरकत नसावी. संगीत म्हणून मात्र येथे बोट ठेवायला जागा नाही. साध्या गिटारवर टाळ्यांचा ठेका चालू असतो, आणि मध्येच सगळे थांबून माउथ ऑर्गन सुरू होतो व त्याबरोबर पायांनी जमिनीवर दिलेला ठेका. तो माउथ ऑर्गन वाजवला आहे आन्द्रेचे सावत्र वडील, पाद्री रॉबर्ट होडो यांनी. रॅपच्या गाण्यात चर्चच्या अंगणातील वाद्य घुसवायचे आणि तरीही ते गाणे नाचायला लावायचे, हे धाडस त्या काळी न्यूयॉर्कच्या कोणाला सुचले नसते. न्यूयॉर्कचा विषय निघालाच आहे तर लगेच पुढच्या गाण्यात तेथीलच वू-टँग क्लॅन या रॅप गटाचा रेक्वॉन पाहुणा म्हणून येतो. पाहुण्याच्या उपस्थितीने यजमान जरा सावरून, जरा जास्त जोर लावून रॅप करतात आणि त्याचा फायदा ऐकणाऱ्याला होतो.

‘स्पॉटीऑटीडोपालिशस’वर मी सर्वांत जास्त जागा खर्च करणार आहे, कारण सात मिनिटांचे हे गाणे मला या अल्बमचा कळस वाटते. यात रूढ अर्थाने रॅप जवळजवळ नाही. तुताऱ्यांची एकच छोटी ओळ पुन्हा पुन्हा येत राहते, बेस आरामात डुलत असतो, स्लीपी ब्राउन वरच्या पट्टीत गातो, आणि आन्द्रे व बिग बॉय आळीपाळीने बोलतात, म्हणजे खरोखर बोलतात, जेवणानंतर गच्चीवर बसून किस्सा सांगावा तसे. आन्द्रे आपल्या वस्तीतील एका जुन्या डिस्कोतील रात्र सांगतो, जेथे नाच रंगात आलेला असताना मारामारी पेटते. बिग बॉय तेथेच भेटलेल्या एका मुलीची गोष्ट सांगतो: भेट झाली, जीव जडला, मूल झाले, जबाबदारी आली. आता सरळ मार्गाने पैसे मिळवावेत म्हणून पार्सल कंपनीत आणि टपाल खात्यात अर्ज केले, पण लघवीच्या तपासणीत नशा सापडली आणि कोणाचाही परत फोन आला नाही, त्यामुळे पुन्हा माल विकण्याच्या त्याच जुन्या जागी जाऊन उभे राहायचे. ही सगळी हकिगत तो आवाज न चढवता सांगतो आणि ऐकणाऱ्याला यावर जरा वेळ विचार कर असे म्हणून बाजूला होतो. तुताऱ्या मात्र अगदी पहिल्यासारख्याच खुशीत वाजत राहतात. गरिबीवरच्या गाण्यात व्हायोलिन रडवण्याची आपल्याला इतकी सवय झालेली आहे, की हा निर्विकारपणा प्रथम खटकतो आणि मग मनातून जात नाही.

‘डा आर्ट ऑफ स्टोरीटेलिन’च्या पहिल्या भागातही कथन आहे आणि तेथेच माझी पहिली तक्रार सुरू होते. बिग बॉयच्या कडव्यातील सूझी ही एका रात्रीपुरती आहे, तिचे आडनावसुद्धा एक अश्लील विनोद आहे. आन्द्रेच्या कडव्यातील साशा ही लहानपणीची मैत्रीण. दोघे तारे बघत पडलेले असताना तो तिला विचारतो की मोठी झाल्यावर तुला कोण व्हायचे आहे, आणि ती उत्तर देते, जिवंत. काही वर्षांनी ती गर्भवती अवस्थेत, हातात सुई टोचलेली, मेलेली सापडते. आउटकास्टने लिहिलेल्या सर्वांत उत्तम ओळींपैकी या आहेत, आणि त्या इतक्या कमी शब्दांत येतात की पहिल्यांदा ऐकताना निसटूनही जातात. पण दोन्ही कडवी शेजारी ठेवली की लक्षात येते की या अल्बममधील स्त्रीला माणूस व्हायला आधी मरावे लागते. दुसऱ्या भागात जग बुडत असल्याची कल्पना आहे. बीट जबरदस्त आहे, त्यापलीकडे त्यावर बोलण्यासारखे मला फारसे सापडत नाही.

तक्रारीचे पुढचे आणि मोठे कारण ‘मामासीता’. सुमारे सहा मिनिटे चालणारे हे गाणे स्त्रियांविषयी आहे असे म्हणावे लागते; प्रत्यक्षात एक कंटाळवाणे धृपद घासून घासून गुळगुळीत होईपर्यंत वाजवले जाते, आणि कडव्यांत जे बोलले जाते त्यात चावटपणाही नाही आणि चतुराईही नाही. ‘स्पॉटीऑटी’च्या लगेच आधी ते ठेवले आहे हा तर अन्यायच. ‘यॉल स्केअर्ड’मध्ये अटलांटाच्याच गुडी मॉब या रॅप गटाची मंडळी येतात, त्यांचा जोश अस्सल आहे, पण अल्बमच्या त्या टप्प्यावर ऐकणारा दमलेला असतो. त्यानंतर तुरुंगातून फोनवर केलेला ‘नॅथॅनियल’ हा वाद्यांविना छोटा रॅप येतो, आणि मिनिटभराचाच असल्यामुळे तो मनावर चांगला ठसतो.

मधल्या भागाची अडचण वेगळी आहे. ‘स्लम्प’मध्ये आन्द्रे नाही, बिग बॉय आणि कूल ब्रीझ व बॅकबोन हे दोन पाहुणे रॅपर असे तिघे माल विकून घर चालवण्याची हकिगत सांगतात. त्याला लागून ‘वेस्ट सवाना’ येते, जे मुळात पहिल्या अल्बमच्या वेळचे, तेव्हा वगळलेले, बिग बॉयच्या जन्मगावाविषयीचे गाणे आहे. दोन्ही गाणी वाईट नाहीत. ‘वेस्ट सवाना’ तर स्वतंत्रपणे ऐकले तर फार गोड आहे. पण सलग दोन गाणी जोडीतील एकच आवाज ऐकू येतो आणि ज्या अंतरामुळे या अल्बमला ताण आहे ते अंतरच नाहीसे होते. बिग बॉय एकटा असला की तो उत्तम पण अंदाज बांधता येईल असा रॅपर वाटतो. आन्द्रे त्याच्या शेजारी बसला की तोच माणूस खडकासारखा दिसू लागतो. ही उणीव उलट्या दिशेनेही खरी ठरते हे पुढच्या काळात दिसले: २००३ साली या दोघांनी ‘स्पीकरबॉक्स / द लव्ह बिलो’ या नावाखाली प्रत्येकी एक स्वतंत्र तबकडी काढली, ती अफाट खपली, तिला ग्रॅमीचा सर्वोच्च अल्बम पुरस्कारही मिळाला, आणि तरीही मला त्यात सतत एकाची गैरहजेरी जाणवत राहते.

‘सिंथेसायझर’ या गाण्यात फंकचा बुजुर्ग जॉर्ज क्लिंटन आहे आणि विषय तंत्रज्ञानाने माणसाचा घेतलेला ताबा हा आहे. १९९८ सालच्या मानाने त्यातील धास्ती रास्त होती, आज मात्र बोधपर वाटते.

शेवटाकडे ‘लिबरेशन’ येते. जवळपास नऊ मिनिटे पियानो, ढोलाचा मंद ठेका, गुडी मॉबचा सीलो आणि गायिका एरिका बाडू यांचे गाणे, स्वतः आन्द्रे आणि बिग बॉयचेही गाणे, आणि अखेरीस ‘डंजन’च्या मंडळींपैकी कवी बिग रूबचे मुक्त कवितेसारखे निवेदन. माझा भाचा कॉलेजात असून स्वतः मराठीत रॅप लिहितो. त्याने हे गाडीत ऐकले आणि विचारले, “मामा, हे रॅप आहे की भजन?” त्याला ते लांबले असे वाटले. मला तसे वाटत नाही. लोक काय म्हणतील या ओझ्यातून सुटणे हा त्या गाण्याचा विषय आहे आणि त्याला घाई परवडणारी नाही. प्रत्येक आवाज तेच ओझे आपल्या पद्धतीने उतरवतो. सीलोचा भाग तर दोनदा ऐकण्यासारखा आहे. ‘मामासीता’ला सहा मिनिटे देणाऱ्यांनी याला नऊ दिली, यात मला तक्रारीला जागा दिसत नाही.

‘चाँकीफायर’ हे शेवटचे गाणे करकरीत, विकृत केलेल्या गिटारवर उभे आहे आणि त्याच्या अखेरीस एक जुने ध्वनिमुद्रण ऐकू येते. १९९५ साली न्यूयॉर्कमध्ये ‘द सोर्स’ या रॅपला वाहिलेल्या मासिकाचा पुरस्कार सोहळा झाला. नवोदित जोडी म्हणून आउटकास्टला पुरस्कार जाहीर झाला तेव्हा सभागृहाने हुर्यो उडवली. पूर्व किनारा (न्यूयॉर्क) आणि पश्चिम किनारा (लॉस एंजेलिस) यांच्या रॅपरांच्या भांडणात दक्षिणेला कोणी खिजगणतीतही धरत नव्हते. मुलुंड चेकनाका ओलांडला की गाव लागते असे मानणाऱ्या मुंबईकरांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्या ठाणेकरांना ही भावना समजावून सांगण्याची गरज नाही. त्या हुर्योतच आन्द्रेने ध्वनिक्षेपकावर दक्षिणेलाही काही सांगायचे आहे अशा आशयाचे एक वाक्य उच्चारले आणि तो खाली उतरला. तेच मुद्रण या अल्बमच्या टोकाला आहे. त्याच मासिकाने १९९८ साली ‘ॲक्वेमिनाय’ला पाचपैकी पाच माइक (इतरत्र तारे देतात तसे) दिले. हा मान ते क्वचितच कोणाला देत. या हिशेबाची कोठेही वाच्यता न करता, फक्त ते मुद्रण जोडून, मामला मिटवणे मला फार रुबाबदार वाटते.

भाषेविषयी एक सांगायचे राहिले. ज्यांचे इंग्रजी चांगले आहे अशा वाचकांनाही अटलांटा ज्यात आहे त्या जॉर्जिया राज्याचे उच्चार पहिल्या फेरीत कळणार नाहीत. शब्द ओढून, व्यंजने गिळून बोलण्याची ती पद्धत आहे आणि तिच्यावर वस्तीतील बोलीचा थर आहे. ‘स्पॉटीऑटी’ आणि ‘स्टोरीटेलिन’ ही दोन गाणी तरी शब्द समोर ठेवून ऐकावीत, अन्यथा केवळ छान चाल ऐकल्याचे समाधान मिळेल आणि साशा कोण होती ते कळणार नाही. मराठीत लिहिणाऱ्या मुलांनी बिग बॉयचा विशेष अभ्यास करावा असे मी सुचवीन. आन्द्रेची नक्कल करण्याचा मोह सर्वांना होतो आणि ती कोणालाच साधत नाही. बिग बॉय मात्र ओळीच्या मध्यावर श्वास कोठे घेतो, जोडाक्षरांसारखे अडणारे शब्द तालात कसे बसवतो, हे ऐकून शिकता येते.

स्ट्रीमिंगवर हा अल्बम सहज मिळतो. मात्र अपशब्द गाळलेली आवृत्ती टाळावी, कारण गाळलेल्या जागी लय तुटते. मुले सोबत असतील तर अल्बमच टाळावा हे बरे. गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारी सोय बंद ठेवावी आणि पहिल्या फेरीत ‘मामासीता’ वगळून सलग ऐकावे. वेळ अगदीच कमी असेल तर शीर्षकगीत, ‘रोझा पार्क्स’, ‘स्पॉटीऑटीडोपालिशस’ आणि ‘लिबरेशन’ ही चार पुरेशी आहेत, आणि ही चारही आवडली नाहीत तर उरलेल्या गाण्यांवर वेळ घालवू नये.